हंगामी विक्रम : रणजी करंडक स्पर्धा व भाऊसाहेब निंबाळकर

एका क्रीडाहंगामात एखाद्या खेळाडूने गाठलेल्या सर्वोच्च आकड्यास हंगामी विक्रम म्हणतात. क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या धावा व गोलंदाजाचे बळी, तर बेसबॉलमध्ये फलंदाजाचे ‘होम रन’ व पिचरने तीन चुकांवर बाद केलेले फलंदाज (स्ट्राइक आउट) यांवरून हे विक्रम मोजले जातात. एका डावातील वैयक्तिक उच्चांक हा विक्रमाचा दुसरा प्रकार. हंगामी विक्रमास सातत्य लागते, डावातील विक्रमास एका दिवसाची वा दोन दिवसांची एकाग्रता. मात्र दोहोंना एक गोष्ट समान लागते, ती म्हणजे संधी. किती सामने खेळावयास मिळाले, समोर कोण होते, स्पर्धेचे नियम काय होते आणि खेळ किती वेळ चालू राहिला, या चार प्रश्नांची उत्तरे पाहिल्याशिवाय विक्रमाच्या आकड्याचे मोल ठरत नाही. रणजी करंडक स्पर्धेचा इतिहास याचे उत्तम उदाहरण आहे. आणि चौथ्या प्रश्नाच्या बाबतीत तर कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकर यांच्या ४४३ नाबाद धावांइतके बोलके उदाहरण जगाच्या क्रिकेटमध्ये दुसरे आढळत नाही.

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. नवानगरचे संस्थानिक व विख्यात फलंदाज रणजितसिंह (मृत्यू १९३३) यांच्या स्मरणार्थ तिला हे नाव मिळाले. प्रारंभीची २३ वर्षे ही स्पर्धा बाद पद्धतीने खेळली गेली. हरलेला संघ त्या वर्षापुरता स्पर्धेबाहेर जाई. त्यामुळे एखाद्या खेळाडूचा ‘हंगाम’ किती लांब, हे त्याच्या नव्हे तर संघाच्या कामगिरीवर ठरे. पहिल्याच फेरीत पराभूत झालेल्या संघातील उत्तम फलंदाजाला वर्षभरात एकच सामना मिळे. १९५७-५८ पासून विभागीय साखळी पद्धत आली व प्रत्येक संघाला काही सामन्यांची हमी मिळाली. २००२-०३ मध्ये संघांचे ‘एलिट’ व ‘प्लेट’ असे दोन गट पाडण्यात आले. २०१८-१९ मध्ये बिहार, उत्तराखंड व ईशान्येकडील राज्ये यांसह नऊ नवे संघ दाखल झाल्याने संघांची संख्या ३७ झाली. हंगाम या एकाच शब्दाने ओळखली जाणारी ही कालमर्यादा अशी सतत बदलत आली आहे.

बाद पद्धतीच्या काळातील सर्वांत मोठी हंगामी कामगिरी मुंबईच्या रूसी मोदी यांची. १९४४-४५ च्या हंगामात त्यांनी पाच सामन्यांतील सात डावांत १,००८ धावा काढल्या. १६०, २१०, नाबाद २४५, नाबाद ३१, ११३, ९८ व १५१ असे ते डाव होत, सरासरी २०१.६० पडली. रणजी स्पर्धेच्या एका हंगामात हजार धावा करणारे ते पहिले फलंदाज. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या डावापूर्वी त्यांना हजारासाठी १४३ धावा कमी होत्या व त्यांनी १५१ काढल्या. होळकर संघाविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात चार डावांत मिळून २,०७८ धावा झाल्या. विजय मर्चंट यांनी २७८ धावा केल्या आणि युद्धकाळात लष्करी सेवेनिमित्त भारतात असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन यांनी होळकरांकडून नाबाद २४९ धावा काढूनही मुंबई ३७४ धावांनी जिंकली. वेळेची मर्यादा न पाळता सामना निकालापर्यंत खेळविण्याची त्या काळची रीत आणि फलंदाजीस अनुकूल खेळपट्ट्या ध्यानात घेतल्या, तरी पाच सामन्यांत हजार धावा ही गोष्ट असामान्यच म्हटली पाहिजे. मोदी यांचा विक्रम ४४ वर्षे टिकला. १९८८-८९ मध्ये तमिळनाडूच्या डब्ल्यू. व्ही. रामन यांनी १,०१८ धावा करून तो मोडला. पुढे १९९९-२००० मध्ये हैदराबादच्या व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांनी नऊ सामन्यांत आठ शतकांसह १,४१५ धावा केल्या, सरासरी १०८.८४. आकडा मोदींपेक्षा चारशेने मोठा, सामने जवळजवळ दुप्पट. दोघांची तुलना करू नये असे नाही. परंतु ती केवळ बेरजेवरून करता येत नाही. २०१९-२० मध्ये अरुणाचल प्रदेशाकडून खेळताना राहुल दलाल यांनी १,३४० आणि त्याच्या आदल्या वर्षी सिक्कीमकडून मिलिंद कुमार यांनी १,३३१ धावा काढल्या. दोन्ही संघ स्पर्धेत नवे व खालच्या गटात असल्याने या धावा तुलनेने दुर्बल गोलंदाजीसमोर झाल्या, हे नमूद करणे आवश्यक आहे.

गोलंदाजीतही असेच घडले आहे. १९७४-७५ मध्ये दिल्लीकडून बिशनसिंग बेदी यांनी ८.५३ च्या सरासरीने ६४ बळी घेतले. हा विक्रमही योगायोगाने ४४ वर्षेच टिकला. २०१८-१९ मध्ये बिहारच्या आशुतोष अमन यांनी आठ सामन्यांत ६८ बळी घेतले, सरासरी ६.४८. प्लेट गटातील नवोदित संघांविरुद्ध मिळालेले हे यश बेदींच्या शेजारी मांडताना अनेक जाणकारांस संकोच वाटला. तो संकोच २०२४-२५ मध्ये विदर्भाच्या हर्ष दुबे यांनी दूर केला. या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने दहा सामन्यांत ६९ बळी घेतले आणि विदर्भ त्या वर्षी रणजी करंडकाचा मानकरी ठरला. दुबे यांची सरासरी अमन यांच्या दुपटीहून अधिक, म्हणजे जवळपास १७ आहे. तरीही उपांत्यपूर्व, उपांत्य व अंतिम फेरीतील संघांविरुद्ध खेळून मिळविलेले हे बळी आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते या तीन आकड्यांत बेदींचे ६४ बळीच सर्वश्रेष्ठ होत. पण नोंदवहीत मत लिहिण्यासाठी रकाना नसतो.

अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलमध्येही हाच प्रश्न उभा राहिलेला दिसतो. तेथील प्रथम विभागात एका हंगामातील सर्वाधिक स्ट्राइक आउटचा विक्रम हवाई विद्यापीठाच्या डेरेक तात्सुनो यांच्या नावावर आहे (१९७९, २३४), तर सर्वाधिक होम रनचा विक्रम ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या पीट इंकाव्हिलिया यांच्या नावावर (१९८५, ७५ सामन्यांत ४८). महाविद्यालयीन खेळात १९७४ पासून लाकडाऐवजी धातूची बॅट वापरण्यास मुभा मिळाली आणि चेंडू पूर्वीपेक्षा दूर जाऊ लागला. पुढे धातूच्या बॅटींवर निर्बंध आले. २०११ पासूनच्या कडक मानकानंतर होम रनची संख्या एकदम खाली आली. नियमित हंगामही ५६ सामन्यांपुरता मर्यादित करण्यात आला. त्यामुळे हे दोन्ही विक्रम आजवर अबाधित राहिले, यामागे त्या दोघांच्या पराक्रमाइतकाच त्यांच्या काळातील लांब हंगामाचा आणि बॅटीचाही वाटा आहे. भारतात विद्यापीठीय क्रिकेटची रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा १९३५-३६ पासून चालू असून तिच्यात अजित वाडेकर व सुनील गावसकर यांच्यासारख्यांनी त्रिशतके झळकावली. तथापि भारतीय खेळाडूचे नाव ज्यांमुळे इतिहासात राहते ते आकडे बहुतांशी रणजी स्पर्धेतील आहेत.

त्यांतील सर्वांत मोठा वैयक्तिक आकडा १९४८-४९ च्या हंगामातील आहे. हा हंगाम अनेक अर्थांनी विलक्षण होता. स्वातंत्र्यानंतरचे ते दुसरे वर्ष. वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारताच्या दौऱ्यावर आला होता. संस्थानांचे विलीनीकरण वेगाने चालले होते. काठेवाडातील संस्थाने फेब्रुवारी १९४८ मध्ये एकत्र येऊन सौराष्ट्र संघराज्य बनले होते आणि कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन व्हावयाचे होते. भारतातील क्रिकेट तोवर मोठ्या प्रमाणात संस्थानिकांच्या आश्रयावर वाढले होते. संस्थानिक संघ बाळगीत, खेळाडूंना नोकऱ्या देत आणि पुष्कळदा स्वतःच कर्णधारपद भूषवीत. सांगलीचे विजय हजारे यांना देवास (थोरली पाती) संस्थानाचे महाराज विक्रमसिंहराव पवार यांचा आश्रय लाभला होता. हेच विक्रमसिंहराव १९४७ मध्ये दत्तकविधानाने कोल्हापूरच्या गादीवर छत्रपती शहाजी म्हणून आले. कोल्हापूरची ख्याती मुख्यतः कुस्तीची व पुढे फुटबॉलची. तेथून एवढा मोठा फलंदाज निर्माण व्हावा, हे त्या काळी अनेकांस नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही.

भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर यांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापूर येथे झाला. उजव्या हाताने फलंदाजी, मध्यमगती गोलंदाजी आणि प्रसंगी यष्टिरक्षण अशी तिहेरी जबाबदारी ते पेलू शकत. १९३९-४० ते १९६४-६५ या पाव शतकाच्या कारकीर्दीत ते बडोदा, होळकर, महाराष्ट्र, मध्य भारत, राजस्थान व रेल्वे या संघांकडून खेळले. ही यादी पाहिली म्हणजे संस्थानी आश्रय संपून सरकारी खात्यांच्या नोकरीकडे वळलेल्या एका पिढीचा प्रवासच डोळ्यांसमोर येतो.

डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राचा काठेवाडशी सामना झाला. काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब होते. काठेवाड प्रदेशाची क्रिकेटपरंपरा लहान नव्हती. नवानगरने १९३६-३७ मध्ये व वेस्टर्न इंडिया संघाने १९४३-४४ मध्ये रणजी करंडक जिंकला होता आणि ज्यांच्या नावाने ती स्पर्धा चाले ते रणजितसिंह त्याच भूमीचे. तथापि १९४८ चा काठेवाड संघ त्या तोलाचा नव्हता. त्याचा पहिला डाव २३८ धावांत संपला. महाराष्ट्राचा पहिला बळी गेल्यावर निंबाळकर खेळावयास आले आणि के. व्ही. भांडारकर यांच्यासह त्यांनी दुसऱ्या बळीसाठी ४५५ धावांची भागीदारी केली. भांडारकर २०५ धावांवर बाद झाले. निंबाळकर खेळत राहिले. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीसाठी खेळ थांबला तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ४९४ मिनिटांच्या या खेळीत ४९ चौकार व एक षटकार होता.

या वेळी प्रथमश्रेणी क्रिकेटमधील जागतिक उच्चांक डॉनल्ड ब्रॅडमन यांच्या नावावर होता : नाबाद ४५२, न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलंडविरुद्ध, सिडनी, जानेवारी १९३०. तो मागे टाकण्यास निंबाळकरांना दहा धावा हव्या होत्या. त्यांची त्या दिवसाची गती पाहता हे एकदोन षटकांचे काम होते. परंतु सुट्टीनंतर खेळ सुरू झालाच नाही. ठाकोरसाहेबांनी सामना सोडून दिला व त्यांचा संघ मैदानावर उतरला नाही. महाराष्ट्राच्या बाजूने थोडीच षटके खेळून डाव घोषित करण्याची तयारी दर्शविली गेली, पण ती मान्य झाली नाही, असे सांगितले जाते. आपल्या संघाचे नाव एका जागतिक विक्रमाच्या नोंदीत कायमचे पराभूत म्हणून राहू नये, हे त्यामागील कारण सर्वसाधारणपणे दिले जाते.

या निर्णयावर पुढील काळात बरीच टीका झाली. ती समजण्यासारखी असली, तरी घटनेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. महाराष्ट्राची आघाडी ५८८ धावांची झाली होती. सामन्याच्या निकालाच्या दृष्टीने त्यापुढील प्रत्येक धाव अनावश्यक होती आणि डाव घोषित न करण्याचे एकमेव प्रयोजन वैयक्तिक विक्रम हे होते. दीर्घकाळ क्षेत्ररक्षणात व गोलंदाजीत झिजलेल्या संघाला हे अपमानास्पद वाटले असेल, तर त्यात अस्वाभाविक काही नाही. शिवाय आपले राज्य नुकतेच विलीन झालेल्या एका राजपुरुषाच्या मनाला अशा प्रसंगी प्रतिष्ठेचा प्रश्न अधिक टोचला असणे शक्य आहे. हे सर्व मान्य करूनही, खेळावर निष्ठा ठेवणाऱ्या कर्णधाराने आणखी काही षटके टाकली असती तर त्याची प्रतिष्ठा वाढली असती, असेच म्हणावे लागते. पराभव टाळता येत नव्हता. नोंदही टळली नाही. ४४३ हा आकडा ज्यांच्याविरुद्ध झाला त्यांचे नाव आज सर्व नोंदवह्यांत आहेच, आणि वर सामना सोडल्याची नोंदही आहे.

इतर ठिकाणी असेच प्रसंग कसे सुटले, हे पाहणे उद्बोधक ठरेल. ब्रॅडमन यांचा विक्रम अखेर जानेवारी १९५९ मध्ये कराचीच्या हनीफ महंमद यांनी बहावलपूरविरुद्ध ४९९ धावा करून मोडला. दिवसाच्या अखेरच्या क्षणी पाचशेवी धाव घेताना ते धावचीत झाले. जून १९९४ मध्ये ब्रायन लारा यांनी वॉरविकशरकडून डरॅमविरुद्ध नाबाद ५०१ धावा काढल्या. तो सामना अनिर्णित राहणार हे केव्हाच स्पष्ट झाले होते. तरीही डरॅमचे गोलंदाज शेवटच्या षटकापर्यंत चेंडू टाकीत राहिले आणि त्याच षटकातील चौकाराने लारा पाचशेपार गेले. हनीफ यांना त्यांच्या घाईने अडविले, लारा यांना कोणी अडविले नाही. निंबाळकरांना मात्र ना गोलंदाजाने अडविले, ना थकव्याने, ना सूर्यास्ताने.

ब्रॅडमन यांनी ही खेळी आपल्या खेळीपेक्षा सरस असल्याचे पत्राने कळविले, अशी माहिती निंबाळकरांविषयीच्या लेखनात सर्वत्र आढळते. भारतातील निवडसमितीवर मात्र तिचा फारसा परिणाम झाला नाही. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजविरुद्ध भारत पाच कसोटी सामने खेळला. निंबाळकरांना एकातही स्थान मिळाले नाही. १९४९-५० मध्ये आलेल्या राष्ट्रकुल संघाविरुद्ध एका अनधिकृत कसोटीत ते खेळले व त्यांनी ४८ धावा केल्या. त्यानंतर अधिकृत वा अनधिकृत कसोटीसाठी त्यांची निवड झाली नाही. ८० प्रथमश्रेणी सामन्यांत ४,८४१ धावा, १२ शतके व ४७.९३ ची सरासरी असा त्यांचा एकूण हिशेब आहे. हजारे, मर्चंट, मोदी, अधिकारी, फडकर यांच्या काळात मधल्या फळीत जागा मिळविणे कठीण होते, हे खरे. परंतु एकही कसोटी मिळू नये इतके ते कठीण होते काय, हा प्रश्न उरतोच. कसोटी न खेळता प्रथमश्रेणी सामन्यात चारशेहून अधिक धावा करणारे ते २०२२ पर्यंत जगातील एकमेव फलंदाज होते. त्या वर्षी ग्लॅमॉर्गनच्या सॅम नॉर्थईस्ट यांनी लेस्टरशरविरुद्ध नाबाद ४१० धावा काढल्या.

महाराष्ट्राच्या संघापुरता तो हंगाम ४४३ धावांवर संपला नाही. मार्च १९४९ मध्ये पुण्यातच मुंबईविरुद्ध उपांत्य सामना झाला व तो सात दिवस चालला. मुंबईने ६५१ व ८ बाद ७१४ (डाव घोषित), तर महाराष्ट्राने ४०७ व ६०४ धावा केल्या. एकूण धावा २,३७६, शतके नऊ. प्रथमश्रेणी क्रिकेटमधील एका सामन्यातील सर्वाधिक धावांचा हा जागतिक विक्रम अद्याप टिकून आहे. चौथ्या डावात सहाशेवर धावा करूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला व स्पर्धेबाहेर गेला. तीन महिन्यांपूर्वी निम्म्यावर सोडून दिलेला सामना आणि शेवटच्या गड्यापर्यंत लढविलेला हा सामना, दोन्ही एकाच हंगामातले व एकाच शहरातले आहेत.

रणजी स्पर्धेतील वैयक्तिक उच्चांक त्यापूर्वी काही वर्षे झपाट्याने चढत गेला होता. हजारे यांनी १९३९-४० मध्ये पुणे येथे महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ आणि मर्चंट यांनी १९४३-४४ मध्ये महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा केल्या होत्या. निंबाळकरांनंतर हा क्रम थांबला. मुंबईचे संजय मांजरेकर १९९०-९१ मध्ये ३७७ पर्यंत आणि पृथ्वी शॉ जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९ पर्यंत पोहोचले. चारशेचा टप्पा मात्र रणजी स्पर्धेत अन्य कोणास गाठता आलेला नाही.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २००२ मध्ये निंबाळकर यांना सी. के. नायुडू जीवनगौरव पुरस्कार दिला. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले.